सोनवणे सरांचं ॲव्हरेज

सरांच्या गाडीचं बॉनेट वर केलं तेव्हा बॅटरीच्या शेजारी लोणच्याची बरणी होती. जाड काचेची, लाल झाकणाची. झाकणाला भोकं पाडून त्यातून दोन वायरी आणि एक पारदर्शक नळी बाहेर काढली होती. नळी पुढे एका छोट्या बाटलीतून जाऊन एअर फिल्टरच्या डब्यात शिरत होती. सांध्यांना क्लॅम्प होते, एम-सील होतं, आणि वायरींवर चिकटपट्टी लावून त्यावर बारीक अक्षरात 'धन' आणि 'ऋण' लिहिलं होतं. ते अक्षर मी लगेच ओळखलं. आठवी ते दहावी मी ते फळ्यावर वाचलं होतं.

"कसं झालंय काम?" सोनवणे सरांनी विचारलं.

"स्वच्छ झालंय, सर."

"बरणी तुझ्या काकूंची आहे. त्यांनी अजून मला माफ केलेलं नाही."

मी हसलो. पण माझं लक्ष बरणीकडे नव्हतं. सरांच्या काखेत दोनशे पानी वही होती. तिच्या शेवटच्या पानावर सटाण्याच्या अकरा स्कूल व्हॅन अडकून पडल्या होत्या, आणि त्यांना अडकवण्यात माझाही हात होता.

मी नाशिकला, अंबडमधल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये नोकरी करतो. गाडीला किती इंधन लागतं, धुरात काय निघतं, ब्रेक किती अंतरात लागतो, हे मोजणं आमचं काम. आमच्याकडे एक चॅसिस डायनो आहे. साध्या भाषेत सांगायचं तर जमिनीत बसवलेले मोठे रोलर. गाडीची पुढची चाकं त्यावर ठेवायची आणि गाडी जागच्या जागी पळवायची. रोलर चाकांना तेवढाच विरोध करतात, जेवढा रस्त्यावर हवा आणि चढ करतात. समोर स्क्रीनवर वेगाची रेषा दिसते. ड्रायव्हरने त्या रेषेबरोबर ॲक्सिलरेटर दाबायचा आणि सोडायचा. म्हणजे प्रत्येक वेळी गाडी अगदी सारखीच चालते. पेट्रोल गाडीच्या टाकीतून घेत नाही. वेगळ्या डब्यातून देतो आणि तो डबा काट्यावर असतो. आधीचं वजन, नंतरचं वजन. बाकी सगळं त्या वजाबाकीवर.

सरांच्या बरणीत काय होतं तेही सांगतो. पाणी, त्यात थोडं कॉस्टिक, म्हणजे कातडी भाजणारा सोडा, आणि स्टीलच्या पट्ट्या. पट्ट्यांना बॅटरीचा करंट दिला की पाणी फुटतं आणि हायड्रोजन व ऑक्सिजन बुडबुड्यांच्या रूपाने वर येतात. तो वायू नळीने इंजिनात सोडायचा. हायड्रोजन जळतो, इंजिनाला फुकटची मदत होते आणि पेट्रोल कमी लागतं, असं म्हणतात. मोबाइलवर याचे शेकडो व्हिडिओ आहेत. सरांनी ते पाहिले होते. पण सर नुसते पाहून थांबणारे नव्हते. त्यांनी स्वतः बनवलं, स्वतःच्या गाडीला बसवलं, आणि वही ठेवून मोजलं.

चूक माझी झाली ती त्याआधी तीन आठवडे. सरांनी व्हॉट्सॲपवर वहीच्या एका पानाचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "सुनील, हायड्रोजन किटने ॲव्हरेज १५.२ वरून १८.४५. तुझं मत कळव." मी तेव्हा दुसऱ्या एका कंपनीच्या ऑडिटमध्ये होतो. फोटो उघडला, सरांचं अक्षर पाहिलं, बरं वाटलं. "खूप छान, सर" असं लिहून हात जोडलेलं चित्र टाकलं. पान मी वाचलंच नाही.

पुढच्या आठवड्यात बापूचा फोन आला. बापू माझ्याच वर्गातला, सटाण्यात मुलांची व्हॅन चालवतो.

"काय सुनील, कसा शे?"

"बरा आहे. तू बोल."

"ते सरांचं हायड्रोजनचं तू पास केलं ना? सर सांगत होते, नाशिकच्या इंजिनिअरने आकडे पाह्यले, छान म्हणाला. आम्ही अकरा जण बसवतोय. सगळ्या सरांच्याच हातच्या विद्यार्थ्यांच्या गाड्या. सर एक रुपया घेत नाही, फक्त सामान आणायला लावलंय. मी मालेगावहून बरण्या घेऊन आलो, अकरा."

"थांब जरा. बसवली का कोणी?"

"अजून नाय. सर म्हणे, लॅबचा कागद येऊ दे, मग एकदम बसवू. तू कागद देतोयस ना?"

मी म्हटलं, बघतो. फोन ठेवल्यावर काही वेळ मला काम सुचलं नाही. अकरा व्हॅन म्हणजे रोज जवळपास दीडशे मुलं. त्यांच्या सीटखाली इंजिन असतं, आणि त्या इंजिनाशेजारी काचेची बरणी, कॉस्टिक आणि ठिणगीला पेट घेणारा वायू बसणार होता. आणि या सगळ्याला मी "खूप छान" म्हटलं होतं.

आता सर माझे कोण, हे सांगायला हवं. माझे वडील सटाण्याच्या मार्केट यार्डात हमाल होते. आई कांदे निवडायला जायची. दहावीनंतर मला कुठे घालायचं हे घरात कोणाला माहीत नव्हतं. सर घरी आले, डिप्लोमाचा फॉर्म त्यांनी स्वतः भरला, आणि एसटीने मला नाशिकला घेऊन आले. फॉर्ममध्ये एक रकाना होता, वडिलांचे शिक्षण. मी तो रिकामा सोडला होता, कारण वडील शाळेत गेले नव्हते. सरांनी मला विचारलं, "गोणीवरचे आकडे वाचतात ना ते?" मी म्हटलं, "हो. वजनाची चिठ्ठी कधी चुकत नाही त्यांची." सरांनी त्या रकान्यात लिहिलं, 'साक्षर'. म्हणाले, "ज्याला आकडे वाचता येतात, त्याला अडाणी म्हणायचं नाही."

डिप्लोमानंतर मी डिग्री केली. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. त्यामुळे सरांनी काही पाठवलं की माझे हात आपोआप जोडले जातात. आकडे वाचायचे राहून जातात, ते असे.

बापूचा फोन झाल्यावर मी वैद्य मॅडमकडे गेलो. त्या आमच्या लॅबच्या हेड. कमी बोलतात.

"मॅडम, एक गाडी डायनोवर घ्यायची आहे. क्लायंट नाही. माझे शाळेतले सर आहेत." मग मी सगळं सांगितलं. 'खूप छान'सकट.

"अहिरे, ते हायड्रोजन काम करतं असं तुम्हाला वाटतं?"

"नाही, मॅडम."

"मग सरांना फोन करून सांगा. टेस्ट कशाला?"

"ते ऐकतील, पण मानणार नाहीत. त्यांनी मोजलंय. मोजलेल्याला मोजूनच उत्तर द्यावं लागेल."

मॅडमनी शेड्यूल पाहिलं. "शनिवारी दुपारनंतर स्लॉट रिकामा आहे. तीन अटी. दार उघडं, एक्झॉस्ट फॅन चालू, आणि बरणीच्या नळीला आपला फ्लेम अरेस्टर लावायचा." फ्लेम अरेस्टर म्हणजे एक छोटी जाळी. इंजिनातली आग उलटी फिरून नळीतून बरणीपर्यंत जाऊ नये म्हणून असते. "आणि आकडा जो येईल तो लिहायचा. सर असोत, कोणी असोत."

"चौथी अट झाली, मॅडम."

"ती अट नाही. ती नोकरी आहे."

तर त्या शनिवारी सर आले. बरोबर बापूही आला, 'साक्षीला' म्हणून. गाडी रोलरवर घेतली, पट्ट्यांनी बांधली. किटचं बटण मी लांब वायर लावून बाहेर मॅडमच्या टेबलावर आणलं. गाडी चालवणाऱ्याला किट चालू आहे की बंद हे कळू द्यायचं नव्हतं. कळलं की पाय नकळत हलका पडतो. यात लबाडी नसते. माणूस ज्याच्या बाजूने असतो, त्याला थोडी मदत करतोच.

सरांना ही पद्धत फार आवडली. "हे बरोबर आहे," ते बापूला म्हणाले. "प्रयोग करणाऱ्याला निकाल माहीत नसावा."

"म्हणजे पेपर तपासताना नाव झाकायचं, तसं," बापू म्हणाला.

"तुझं झाकलं असतं तरी अक्षरावरून कळलं असतं."

सहा रन घेतले. प्रत्येक दहा किलोमीटरचा. तीन किट चालू ठेवून, तीन बंद ठेवून, आलटून पालटून. बरणीत बुडबुडे छान येत होते. सर उभे राहूनच पाहत होते. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

किट बंद असताना पेट्रोल लागलं ४६८, ४६६ आणि ४६९ ग्रॅम. चालू असताना ४७२, ४७० आणि ४७३.

मॅडमनी कागद सरांच्या हातात दिला. सरांनी चष्मा लावून दोनदा वाचला.

"जास्त लागलं?"

"तीन-चार ग्रॅमचा फरक मशिनच्या मोजण्यातही येऊ शकतो," मॅडम म्हणाल्या. "त्यामुळे जास्त लागलं असं मी छातीठोक म्हणणार नाही. कमी लागलं नाही, एवढं नक्की."

"का नाही लागलं?" सरांनी माझ्याकडे पाहिलं. वर्गात विचारायचे तसंच.

मी म्हटलं, "सर, पाणी फोडायला करंट लागतो. करंट बॅटरीतून येतो. बॅटरी अल्टरनेटर भरतो. अल्टरनेटरला इंजिन फिरवतं. आणि इंजिन पेट्रोलवर चालतं. म्हणजे हायड्रोजन फुकट नाही. पेट्रोल जाळूनच तो बनतोय. विहिरीचं पाणी बादलीने उपसायचं आणि पुन्हा त्याच विहिरीत ओतायचं, तसं आहे हे. वाटेत सांडेल, वाढणार नाही."

"ते मला माहीत आहे," सर म्हणाले. "ऊर्जा निर्माण करता येत नाही, हे मीच तुला शिकवलंय. माझं म्हणणं ते नव्हतं. माझं म्हणणं, हायड्रोजनमुळे पेट्रोल पूर्ण जळतं. एरवी अर्धवट जळून वाया जातं, ते वाचतं."

हे मोबाइलवरच्या प्रत्येक व्हिडिओत सांगतात, आणि ऐकायला खरं वाटतं. मी गाडीचा एक रन धूर तपासायच्या यंत्रावर घेतला होता. तो कागद दाखवला. "सर, पेट्रोल आधीच जवळजवळ सगळं जळतंय. न जळलेलं शंभरात एखादा भाग निघेल. वाया जाते ती उष्णता. रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून. ती हायड्रोजनने थांबत नाही."

 सरांनी काखेतली वही टेबलावर ठेवली.

"ठीक आहे. तुमचं मशिन खरं. मग माझी वही खोटी आहे का? मी एक आकडा इकडचा तिकडे केलेला नाही. प्रत्येक पावती लावलेली आहे. सव्वातीन किलोमीटर वाढ आहे, सुनील. ती कुठून आली?"

प्रश्न बरोबर होता.  मी सुचेल ते सांगितलं. किट बसवताना सरांनी एअर फिल्टर बदलला होता, टायरमध्ये हवा भरली होती. गाडीही हळू चालवत असणार. पण मला माहीत होतं की एवढ्याने सव्वातीन किलोमीटर होत नाहीत. सरांनाही माहीत होतं.

"बापू, चहा घेऊन ये," मी म्हटलं आणि वही उघडली. तीन आठवड्यांपूर्वी उघडायला हवी होती, ती आता.

किट बसवायच्या आधी सर महिन्यातून एकदा टाकी फुल्ल करायचे. मोठी भरणी, मोठा आकडा, भागाकार, पंधरा पूर्णांक दोन. दर महिन्याला जवळपास तेच. किट बसवल्यावर मात्र त्यांना निकालाची घाई झाली होती. सटाण्याहून देवळा, मालेगाव, कुठेही जाऊन आले की लगेच टाकी फुल्ल. एकूण दहा भरण्या. पहिली ओळ, ३८ किलोमीटर, १.७ लिटर, ॲव्हरेज २२.४. दुसरी, ५२ किलोमीटर, ४.२ लिटर, ॲव्हरेज १२.४. तिसरी २४.४. चौथी १२.२. पाचवी २५.

"सर, हे असं वरखाली कसं?"

"रस्ता वेगळा, ट्रॅफिक वेगळं. म्हणूनच तर एका रीडिंगवर विसंबलो नाही. दहा रीडिंग घेतली आणि सरासरी काढली. प्रॅक्टिकलचा नियमच आहे."

पण रस्त्याने एवढा फरक पडत नाही. मी पावत्या पाहिल्या. पंप एकच, पण नळीचा नंबर कधी एक, कधी दोन, म्हणजे पंपाच्या दोन बाजू. "दोन्ही बाजूंना जमीन सपाट आहे का, सर?"

"रस्त्याकडची बाजू थोडी उतरती आहे."

मग ते सोपं झालं. पंपाची नळी टाकी भरली की आपोआप बंद पडते. गाडी तिरकी उभी असेल तर ती आधीच बंद पडते आणि टाकी लिटरभर रिकामी राहते. पुढच्या वेळी गाडी सपाट बाजूला लावली की तो राहिलेला लिटर त्यात जातो. एकदा १.७, एकदा ४.२. एका भरणीचं पेट्रोल दुसरीच्या नावावर. मोठ्या टाकीत एक लिटरने फारसा फरक पडत नाही. दोन लिटरच्या भरणीत एक लिटर म्हणजे अर्धा आकडा.

तरीही हे सगळं शेवटी भरून निघायला हवं होतं. एकदा कमी, एकदा जास्त, दहा वेळांत बरोबर. मी शेवटच्या ओळीकडे पाहिलं. सरांनी दहा ॲव्हरेजांची बेरीज केली होती. १८४.५. भागिले दहा. १८.४५.

तेव्हा मला दिसलं.

आणि दिसल्यावर पहिला विचार आला तो हा, की हे सांगायचं नाही. एअर फिल्टरवर ढकलावं, पंपाच्या उतारावर ढकलावं, सरांना समजुतीने घरी पाठवावं. माणूस पासष्टीचा. बाहेर मॅडम. चहा घेऊन बापू येईल. त्याच्यासमोर सरांना फळ्याजवळ कसं उभं करायचं?

पण सरांनी प्रश्न विचारला होता. उत्तर टाळलं तर वही कायमची खोटी ठरली असती. मी म्हटलं, "सर, आठवीतलं एक उदाहरण विचारू?"

"विचार."

"एक माणूस गावाला ताशी साठच्या वेगाने जातो. त्याच रस्त्याने ताशी चाळीसच्या वेगाने परत येतो. त्याचा सरासरी वेग किती?"

"अठ्ठेचाळीस," सर लगेच म्हणाले. "पन्नास नाही. पन्नास सांगणाऱ्याला मी बाकावर उभा करायचो. सरासरीची सरासरी काढायची नसते. एकूण अंतर भागिले एकूण वेळ. आधी बेरीज, मग भागाकार. आधी भागाकार करून मग जो..."

सर थांबले.

त्यांनी वही माझ्या हातातून घेतली, स्वतःकडे फिरवली. खिशातलं पेन काढलं. किलोमीटरच्या रकान्याखाली रेघ मारून बेरीज केली. तोंडी, हातचा बोटावर धरून. ५५०. लिटरच्या रकान्याखाली रेघ. ३५.१. कॅल्क्युलेटर मी पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. कडेला भागाकार मांडला.

१५.६७.

"आधी १५.२ होतं," ते म्हणाले. "म्हणजे अर्धा किलोमीटर. तो तुझा एअर फिल्टर."

"हो, सर."

वाचकांसाठी पहिल्या दोनच ओळी घेतो. २२.४ आणि १२.४ ची सरासरी १७.४. पण गाडी प्रत्यक्षात नव्वद किलोमीटर चालली आणि ५.९ लिटर प्यायली. म्हणजे सव्वापंधरा. मधले दोन किलोमीटर हवेतून आले. कमी पेट्रोलच्या भरणीत आकडा फार उंच उडतो, जास्तीच्या भरणीत तेवढा खाली पडत नाही. बेरीज केली की उंच उडालेले जिंकतात. सरांनी दहाच्या जागी शंभर वेळा भरलं असतं तरी ते जिंकलेच असते.

"शब्दाने घात केला," सर म्हणाले. "सगळे म्हणतात ॲव्हरेज, मीही रकान्यावर ॲव्हरेज लिहिलं. सरासरी लिहिलं असतं तर हात थांबला असता. सरासरीची सरासरी माझ्याकडून लिहिलीच गेली नसती."

बापू चहा घेऊन आला होता. दारातच उभा होता. किती वेळ, माहीत नाही.

सरांनी वही मिटली. मग मला म्हणाले, "हे पान मी तुला तीन आठवड्यांपूर्वी पाठवलं होतं."

"हो, सर."

"तेव्हा नाही दिसलं?"

"मी वाचलंच नव्हतं, सर."

"मग छान कशाला लिहिलंस?"

"तुम्ही पाठवलं होतं म्हणून."

 सर रागावले असते तर बरं वाटलं असतं. "आठवीत मी फळ्यावर चुकलो की तू हात वर करायचास," ते म्हणाले. "सगळा वर्ग घाबरायचा, तू करायचास. मी त्या भरवशावर पाठवलं होतं, सुनील. नमस्कार मला गावात पुष्कळ मिळतात."

मी बापूच्या हातातला चहा घेऊन सरांपुढे ठेवला. 

वैद्य मॅडम आत आल्या. "रिपोर्टवर काय लिहायचं?" त्यांनी विचारलं.

"जे आलं ते," सरांनीच उत्तर दिलं. "आणि एक प्रत मला द्या. उद्या वाचून दाखवायची आहे."

मी म्हटलं, "सर, तुम्ही कशाला? मी बापूकडे निरोप देतो. टेस्टमध्ये पास झालं नाही, एवढं पुरे."

"मग ते म्हणतील, नाशिकच्या मशिनने पास केलं नाही. माझी बेरीज चुकली हे कोण सांगणार?" सर म्हणाले. "मी जे पसरवलं ते मीच आवरायला हवं."

रविवारी सकाळी मीही सटाण्याला गेलो. शाळेच्या पटांगणात अकरा व्हॅन ओळीने लागल्या होत्या. सरांनी हेडमास्तरांकडून वर्गाची चावी घेतली होती. अकरा ड्रायव्हर बाकांवर बसले. गुडघे बाकात मावत नव्हते. सरांनी आधी आमचा रिपोर्ट वाचला. मग फळ्यावर आपल्या वहीच्या दहा ओळी उतरवल्या आणि खडू पुढे केला. "यात माझी चूक आहे. शोधा."

कोणी हलेना. सरांची चूक शोधायला कोण उठणार? शेवटी बापू उठला. त्याने चहाच्या वेळी दारात ऐकलं होतं, तरी मान खाजवत, शोधल्यासारखं करत त्याने दोन बेरजा केल्या आणि भागाकाराला आल्यावर अडकला. सरांनी हात धरून करून घेतला. १५.६७ आलं.

"म्हणजे बसवायचं नाय?" मागून एकाने विचारलं.

"नाही. आणि बरणी फुटली असती तर मुलांच्या पायांवर कॉस्टिक गेलं असतं. तोही विचार मी केला नव्हता. हीसुद्धा चूकच," सर म्हणाले.

 मला वाटत होतं, आता सरांचा मान काय राहणार. तेवढ्यात बापू म्हणाला, "ते सगळं खरं शे, सर. पन आते या अकरा बरण्यास्नं काय करानं?"

"लोणचं घाल," सर म्हणाले. "आणि एक तुझ्या काकूंना नेऊन दे. माझ्याकडून."

सगळा वर्ग हसला. सरही हसले. मग त्यांनी फळा पुसला आणि एअर फिल्टर कसा साफ करायचा, टायरमध्ये किती हवा ठेवायची, ते लिहायला घेतलं. ड्रायव्हर मोबाइलवर फोटो काढायला लागले. सर म्हणाले, "फोटो नको. लिहून घ्या. फोटो कोणी वाचत नाही." बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरजही नव्हती.

आता त्या व्हॅनवाल्यांकडे वह्या आहेत. बापू सांगतो की रकान्याला ते ॲव्हरेज म्हणत नाहीत, सरासरी म्हणतात, आणि पंपावरचे लोक हसतात. फिल्टर आणि हवेमुळे थोडाफार फरक पडतो. हायड्रोजनएवढा तो ऐकायला भारी वाटत नाही, पण बेरीज केल्यावर तो उरतो.

आमच्या लॅबमध्ये अजून कोणी ना कोणी किट घेऊन येतं. कोणी चुंबक आणतं, कोणी टाकीत टाकायची गोळी, कोणी बरणी. मी त्यांना हसत नाही. आधी वही मागतो. बहुतेकांकडे नसते. असली तर मी ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो, कारण मोजणारा माणूस चुकला असला तरी तो आपल्या बाजूचा असतो.

सर अजूनही मला फोटो पाठवतात. मी दोन्ही रकान्यांची बेरीज करून पाहतो. हात जोडायचे ते नंतर.